टॅम्पिनीसच्या दगडावर तीन वर्षं

ती. नंदाताईस,

सुबोधचा साष्टांग नमस्कार (लेखीच समज, कंबर सध्या पाच अंगांच्या पुढे जात नाही, कारण पुढे येईलच). तुझा गुडघा, भावोजींचा रक्तदाब आणि तुम्हा उभयतांतला टीव्हीच्या रिमोटचा वाद, तिन्ही आटोक्यात असावेत.

पत्रास कारण तुझा सुविचार. तीन वर्षांपूर्वी मी जिम सोडली त्या सकाळी तू एक जपानी म्हण पाठवलीस : ‘दगडावरसुद्धा तीन वर्षं.’ थंडगार दगडावरही चिकाटीने तीन वर्षं बसलं, की तो ऊब धरतो. (पाठवणारीची सतार तीन महिन्यांत माळ्यावर गेली होती, पण उपदेशाला अधिकार लागत नाही, धाकटा भाऊ लागतो.) इथे टॅम्पिनीसला आमच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत दगडी टेबल आणि चार दगडी स्टुलं आहेत. तिथे रोज संध्याकाळी टॅन अंकल आणि दोन म्हातारे चिनी बुद्धिबळ खेळतात. चौथं स्टूल रिकामं. मला एक डाव खेळायचा होता. एवढीच इच्छा. पण बोलावल्याशिवाय पानावर बसू नये ही आपल्या घरची शिस्त. म्हणून रॅफल्स प्लेसच्या बँकेतून परतताना मी तिथे नुसता बसू लागलो. गळ्यात बँकेचं ओळखपत्र, हातात वही (डाव उतरवून घ्यायला). आसन स्थिर आणि सुखकर असावं म्हणतात. त्यातलं पहिलं मला साधलं. दगड म्हणशील, तर तो इथे सकाळी अकरालाच तापतो. ही म्हण थंड मुलखातली आहे, हे तू कळवायला हवं होतंस.

तीन वर्षांत कुणी मला ‘खेळता का’ म्हणून विचारलं नाही. उलट मी बसलो की तिघेही ताठ बसत. आधी सिगरेटी गेल्या, मग कॉफीच्या पैजा गेल्या, पुढे तर शेंगांची टरफलंही पिशवीत भरून नेऊ लागले. मी याला सत्संगाचा परिणाम समजत होतो. गेल्या मंगळवारी तीन वर्षं पुरी झाली, आणि आता आपणच विचारावं असं ठरवून आलो, तर टॅन आंटींनी मला लिफ्टपाशी गाठून हातावर चार संत्री ठेवली. त्यांनी केलेला उलगडा असा, की ते तिघे मला टाउन कौन्सिलचा (इथली नगरपालिकाच समज) तपासनीस समजतात. ओळखपत्र, वही, मौन; दुसरं काय समजणार? माझ्या धाकाने टॅन अंकलनी चाळीस वर्षांची सिगरेट सोडली. आंटींना खरं ठाऊक होतं, पण त्या म्हणाल्या, “यू डोन्ट प्ले, लाह. यू प्ले, ही स्मोक.”

म्हणजे डाव मांडला की मी माणूस ठरणार, आणि अंकल पुन्हा धूर काढणार. ताई, मी संत्री घेतली. आणखी तीन वर्षं बसायचं ठरवलं आहे. मीनल म्हणते, “लग्नात सप्तपदीलासुद्धा इतकं टिकून बसला नव्हतात.” (सप्तपदीत चालतात, हे मी तिला सांगितलेलं नाही.)

भावोजींना नमस्कार, सतारीला आशीर्वाद.

तुझा,
सुबोध

ता.क. १ : बाबांचं लोकरीचं आसन तुझ्याकडे आहे. वाटणीत ते मी ‘नको’ म्हणालो होतो. हवं आहे. आमचा राजस डिसेंबरात पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर दे.

ता.क. २ : आसनं दोन दे. पाकीट टाकायला खाली उतरलो, तर टॅन अंकल एकटेच होते. म्हणाले, “यू बँक मॅन. आय नो लाँग टाइम.” नातीने त्यांना दुसऱ्याच महिन्यात सांगितलं होतं. मग सिगरेट कशी सुटली? तर मित्रांना ‘बायको नको म्हणते’ सांगण्यापेक्षा ‘साहेब बसलाय’ सांगणं सोपं, म्हणून त्यांनी साहेब जपला. आंटींना यातलं काही कळू द्यायचं नाही, असं आमच्या दोघांत ठरलं. मग त्यांनी उठून स्वतःचं स्टूल मला दिलं आणि डाव मांडला. मी अकरा चालींत हरलो. वहीतलं काही उपयोगी पडलं नाही. पण स्टूल ऊबदार होतं. अर्थात, तिथे आधी ते बसले होते.