नाकानं पास केलेली टाकी

सुएझ, १२ रमजान

चि. नबिहास,
सलाम व अ. आ.

माझ्या नाकाची खरी किंमत आज सांगतो. तीस वर्षं तेलाच्या टाक्यांत डोकं घातलं, दोनदा बेशुद्ध पडलो, एकदा मिशी जळाली आणि तुझ्या वहिनीनं पहिलं वर्षभर माझी उशी अंगणात फेकली. हमालाचा गाडीमालक झालो तो ह्या नाकाच्या जोरावर.

आपल्या ड्रायव्हर झाकीच्या गाडीनं विमानाचं इंधन पाठवतोय. भरण्याआधी रिकामी टाकी मी स्वतः हुंगली. पेट्रोलचा थेंब असता तरी कळलं असतं. तू आपली तपासणीची वाटी तापवून ज्योत दाखवत बस, त्याचाच तुला पगार. पण रखडू नकोस. चौदाव्या रोज्याला सकाळी तेलविहिरींकडं जाणाऱ्या विमानात आपला हातिम आहे. ईदच्या सदऱ्याचं माप घे पोराचं.

माया आहे तेवढी राहू दे.
तुझा दादा,
मर्जूक


रास घारिब, १३ रमजान

ती. मर्जूकदादास,
सा. सलाम. वि. वि.

घाईत लिहितेय, अक्षर लावून घे. विमानाच्या इंधनाची वाफ अडतीस अंशांच्या आत पेटता कामा नये. मी वाटी झाकली आणि तापवायच्या आधीच, सवयीनं, ज्योत दाखवली. आत भक्कन निळा जाळ झाला. दुसरी वाटी घेतली. पुन्हा तेच. दादा, यात पेट्रोल मिसळलंय.

झाकी रडतच म्हणाला की, आधीच्या खेपेचं पेट्रोल उतरवून तळाची तोटी उघडणार, तोच रोजा सोडायची तोफ झाली. खजुरांकडं धावला, तोटी राहिली. मग मालकांनीच हुंगून हो म्हटलं, तेव्हा आपण कोण बोलणार.

निम्मं इंधन इथल्या साठ्यात उतरलंय. उद्याचं विमान त्यातूनच भरणार. विमानतळाचे साहेब म्हणतात, पोरी, तुझी वाटी बिघडली असेल, मर्जूकचं नाक बिघडत नाही. दादा, तुझ्या हातचं लिहून आलं तरच विमान थांबवतील. फोन बंद आहे. हातिमला सांगितलं, तर पत्ते पिसत म्हणाला, आत्या, बाबांनी हुंगलंय ना, मग झालं.

मला फार भीती वाटते. पत्र आणणाऱ्याच्याच हाती उत्तर दे.
तुझी,
नबिहा


सुएझ, १३ रमजान, संध्याकाळ

चि. नबिहास,
अ. आ.

विमान हलू देऊ नका. साठ्याला कुलूप घाला. झाकीला बोल लावू नका, तोटी बघणं माझं काम होतं. कंत्राट गेलं तर जाऊ दे. पत्र आणणाऱ्यालाच लगेच परत धाडतोय.

लोभ ठेवायचा की नाही, ते हातिमला समोर बसवून जेवू घातलंस की ठरव.
मर्जूक

ता. क. साहेब कारण विचारतील. हे मोठ्यानं वाचून दाखव. परवा तुझ्या वहिनीची मसूर करपली. धुरानं शेजारी धावत आले. मी चुलीजवळच बसलो होतो. हिवाळ्यातल्या तापापासून मला कशाचाच वास येत नाही.