दोन नावांची एक बाई

आई,

मी जर्मनीला जायची तयारी करते आहे, आणि मधे तुझ्या नावापाशी अडले होते. तू गेलीस तेव्हा मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होते, म्हणजे पुढचं तुला काहीच ठाऊक नाही. नर्स झाले, अमरावतीतच नोकरी केली, लग्न झालं, एक मुलगी झाली, ती आता कॉलेजात जाते. आणि चाळिशी उलटल्यावर माझ्या डोक्यात हे खूळ शिरलं. तिकडे म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायला नर्स हव्या आहेत. आमच्याकडच्या दोघीजणी आधीच गेल्या होत्या, म्हणून मीही भाषेच्या वर्गाला नाव घातलं. वर्गात सगळी वीस-बावीस वर्षांची पोरं, मी एकटीच चष्मा लावून शेवटच्या बाकावर. भाकरी थापताना तोंडाने धडे म्हणायचे तेव्हा लेक विचारायची, "आई, मंत्र म्हणून राहिली का वं?" पहिल्या खेपेला नापास झाले, दुसऱ्या खेपेला पास झाले. तिथल्या एका वृद्धाश्रमाने नोकरी देऊ केली. नवरा म्हणाला, तू पुढे हो, पोरीचं शिक्षण झालं की आम्ही येतो, नाहीतर तू परत ये, पाहू. मला वाटलं, झालं, आता फक्त बॅग भरायची.

मग कागद सुरू झाले. आई, मी आयुष्यभर सरकारी कागदांना घाबरत आले, पण या वेळी गंमत अशी झाली की भीतीपेक्षा नवलच जास्त वाटायला लागलं. प्रत्येक खिडकीवरच्या माणसाला माझ्याबद्दल वेगळंच काहीतरी हवं होतं. पोलीस पडताळणीला एक हवालदार घरी आला, चहा प्याला आणि शेजारच्या काकूंना विचारू लागला की बाई कशी आहे. काकू म्हणाल्या, "चांगली हाये. बोलत नाई जास्त." त्याने तेही लिहून घेतलं असावं. मी दारात उभी राहून ऐकत होते. मनात म्हटलं, हे आईकडून आलं. तुझा आवाज मला आठवतो तो फक्त 'हळू बोल' एवढाच. पुढच्या खोलीत आजी बसलेली असायची, आणि मी शाळेतून आल्या आल्या काही सांगायला लागले की तू चुलीपुढून हात करायचीस, हळू बोल.

अडलं ते जन्माच्या दाखल्यावर. मी अकोल्याला जन्मले, तुझ्या माहेरी, तिथल्या सरकारी दवाखान्यात. नोंद करायला तुझी आई गेली आणि तिने तुझं माहेरचं नाव सांगितलं, पहिलं नाव माहेरचं आणि आडनावही माहेरचं. लग्नात तुझं नाव बदललं होतं हे तिला त्या घडीला आठवलं नाही, की आठवूनही सांगावंसं वाटलं नाही, कोण जाणे. त्यामुळे माझ्या शाळेच्या दाखल्यावर, पासपोर्टवर माझी आई एक, आणि जन्माच्या दाखल्यावर दुसरीच. माझी फाइल करणाऱ्या पुण्याच्या एजन्सीतली मुलगी फोनवर म्हणाली, "मॅडम, असं चालणारच नाही. तिकडचे लोक एक अक्षर इकडचं तिकडे झालेलं खपवून घेत नाहीत." शिवाय वृद्धाश्रम माझ्यासाठी जागा फार काळ अडवून ठेवणार नव्हता.

अकोल्याच्या कार्यालयात ज्या बाई होत्या त्या भल्या होत्या. त्यांनी जुनं रजिस्टर काढलं, नोंद दाखवली, दुरुस्ती कशी होते तेही नीट समजावलं. मी म्हटलं, "अहो, ही माझीच आई. दोन्ही नावं तिचीच." त्या म्हणाल्या, "मी मानते ना, ताई. पण मी मानून काय होते? लग्नाच्या आधीपासून वळखणारं कोनी पाहिजे. घरचं नको, बाहेरचं. त्यानं शपथपत्र लिहून दिलं पाहिजे का दोन्ही नावाची बाई एकच म्हणून." बाबा गेले, मामा गेला, आणि ते दोघं असते तरी घरचेच. तुला त्या नावाने ओळखणारं जगात कोण उरलं असेल? मी स्वतः ते नाव दोन-तीनदाच ऐकलं होतं. मामासुद्धा तुला ताई म्हणायचा.

तशीच जुन्या शहरात गेले. तुझं माहेरचं घर होतं तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. शेजारच्या पीठगिरणीत एक म्हातारी दळण घेऊन बसली होती, तिला विचारलं. ती बराच वेळ तुझं नाव तोंडात घोळवत राहिली आणि मग म्हणाली, "तिच्यासंगची एक हाये न. टेलिफोनात होती. मोठ्या उमरीत घर बांधलं तिनं." मोठी उमरी ही शहराच्या कडेची वस्ती; रिक्षा करून तिथे गेले आणि विचारत विचारत घर सापडलं. अंगणात मिरच्या वाळत घातलेल्या होत्या. दार उघडलं ते एका उंच, सरळ पाठीच्या बाईंनी. आयुष्यभर टेलिफोन ऑपरेटर होत्या, त्यामुळे अजूनही पलीकडच्याला नीट ऐकू जात नसल्यासारखं प्रत्येक शब्द सुटा सुटा बोलतात.

"कोन पाहिजे?"

मी तुझं जुनं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "तिची कोन तू?"

"मुलगी."

"ये. बस."

मी त्यांना मावशी म्हटलं, सगळं सांगितलं, कागद दाखवले. म्हटलं, "मावशी, तुम्ही एवढंच लिहून द्यायचं, की लग्नाआधीची ती आणि लग्नानंतरची ती, दोघी एकच."

"नाई देत."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काहून, मावशी?"

"खोटं कायले लिहू? तुह्या मायचं लगन झालं, त्याच्यानंतरच्या दिवाळीले मी अमरावतीले गेली होती. मले नवी नवी नोकरी लागली होती. पयल्या पगारात तिच्यासाठी पातळ घेतलं. दार तुह्या आजीनं उघडलं. म्या नाव सांगतलं. तं म्हने, या नावाची कोनी बाई इथं राहत नाई. आन मांगं तुही माय उभी. डोक्यावरून पदर घेऊन. माह्याकडं पाहून राहिली होती. म्या म्हटलं, आता बोलन, मंग बोलन. नाई बोलली. मी तशीच वापस आली आन ते पातळ बहिणीले देऊन टाकलं. आता तू म्हनते, कागदावर लिहून दे का ते दोघी एकच! ते दारातली बाई कोन होती, मले मालूम नाई. माही मैत्रीण तशी नव्हती."

"कशी होती?"

मी काहीतरी विचित्रच विचारल्यासारखं मावशींनी माझ्याकडे पाहिलं. "तुले नाई मालूम? अवो, साऱ्या गावाचे आवाज काढे ते. भाजीवाली, पोस्टमन, मास्तरीन, रेडिओवरची बाई. पदर तोंडाले लावे आन आवाज काढे. मानूस मांगं वळून पाहे." एवढं बोलून त्या उठल्याच. "चहा पिऊन जाय. पन सही नाई देत मी."

परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसले. मला राग यायला हवा होता, माझं काम अडलं होतं. पण मी कागदांचा विचारच करत नव्हते. तू आणि नकला? तू, जी पाहुणे आले की भिंतीला खेटून उभी राहायचीस? मला वाटलं, या बाईंची आठवण कुणा दुसरीवर जाऊन बसली असेल. मूर्तिजापूर सुटलं, दोन्ही बाजूंनी कपाशीची रानं धावत होती, आणि एकाएकी मला ती दुपार आठवली.

मी चौथीत आहे. ताप आहे म्हणून शाळेत गेलेली नाही, मधल्या खोलीत गोधडी पांघरून पडले आहे. आजी मोझरीला गेली आहे, बाबा कामावर. घरात तू आणि मी. मला डुलकी लागते आणि स्वयंपाकघरातून आत्याचा आवाज येतो. तसाच नाकातला, तसाच तक्रारीचा. "वहिनी, वांग्यात मीठच नाई वं. तुमच्या अमरावतीत मीठ महाग झालं का?" आत्या तर कालच गेली होती. मी उठते, भिंत धरत धरत दारापाशी येते. आत तू एकटी आहेस, पाठमोरी, तव्यावर भाकर. मी विचारते, "आत्या कुठं गेली?" तू दचकतेस, वळून न बघताच म्हणतेस, "कोन आत्या? ताप चढला तुला. जा, नीज." मी जाऊन झोपते. आई, मी इतकी वर्षं हे तापातलं स्वप्न म्हणूनच धरून चालले होते. नर्स झाल्यावर तर एकदा शिकाऊ नर्सांच्या वर्गात उदाहरण म्हणूनही सांगितलं होतं, की ताप वाढला की मुलांना असे भास होतात.

त्याच आठवड्यात मी परत अकोल्याला गेले. मावशी दारातच म्हणाल्या, "म्या सांगतलं ना तुले." मी म्हटलं, "सही नका देऊ, पण एक गोठ ऐका." आणि उंबऱ्यावर बसूनच ती दुपार सांगितली. त्या मिरच्यांची देठं खुडत होत्या. हात थांबला.

"कसं म्हटलं तिनं? तसंच म्हणून दाखव."

आता मी काय दाखवणार? पण त्या ऐकेनात. मी नाक थोडं दाबून, इकडे तिकडे बघत, आत्याचं ते वाक्य म्हटलं. मावशी इतक्या हसल्या की मिरच्यांचं सूप मांडीवरून सरकलं. "तुले नाई येत. बिलकूल नाई येत. पन तिचंच हाये हे." मग चष्मा काढून त्यांनी पदराने पुसला. म्हणाल्या, "मंग होती ते तिथं, त्या घरात."

त्यानंतर त्यांनी मला सांगितलं, तू आठवीत असताना मुख्याध्यापिकेच्या, म्हणजे मोठ्या बाईंच्या, खोलीच्या दाराआड उभी राहून, त्यांच्या आवाजात शिपायाला हाक मारून म्हणालीस, "घंटा द्या. आज शाळा सोडायची आहे." आणि त्याने घंटा दिली. सगळी शाळा भर दुपारी घरी गेली. दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी मुलींना रांगेत उभं केलं आणि विचारलं, कोण ते पुढे या. कुणी सांगायच्या आधी तू पुढे झालीस. त्या म्हणाल्या, करून दाखव. तू करून दाखवलंस. "मोठ्या बाई हसल्या नाईत," मावशी म्हणाल्या. "म्हने, मी अशी बोलते? इतकी कडू? आन मंग काही दिवस लई गोड बोलल्या आमच्यासंग. आमालेच कसंतरी वाटे."

रात्री मी मावशींकडेच राहिले, आणि सकाळी आम्ही दोघी कचेरीसमोरच्या टायपिंगवाल्याकडे गेलो. त्याने मजकूर वाचून दाखवला. सदर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून मी तिला बालपणापासून ओळखते. मावशींनी त्याला थांबवलं. "हे 'एकच' कुठी लिहलं, तिथं बोट ठेव." त्याने बोट ठेवलं. त्यांनी वाकून ते अक्षर पाहिलं आणि मग सही केली. ऑपरेटरची सही, सरळ, वळणदार. वकिलाने शिक्का मारताना विचारलं, "आजी, खरं आहे ना हे?" त्या म्हणाल्या, "पयले नव्हतं. आता हाये."

दाखला दुरुस्त होऊन आला. तुझ्या दोन नावांच्या मधे आता 'उर्फ' आहे. तो मुंबईला जाऊन आला, त्यावर आणखी दोन शिक्के बसले, पुण्याच्या मुलीने फोन करून "परफेक्ट, मॅडम" म्हटलं आणि व्हिसाही झाला. बॅग खरोखरच पलंगावर उघडी पडली आहे, लेक तिच्यात तिखटाची पाकिटं कोंबते आहे.

पण आई, मला आता तुला विचारायचं खूप साचलं आहे, आणि विचारायला तू नाहीस. त्या दिवशी दारात तू का बोलली नाहीस? आजीला भ्यालीस, की आता ते नाव आपलं नाही असं तुला खरंच वाटून गेलं होतं? की तोंड उघडलं तर भलत्याच कुणाचा आवाज निघेल असं वाटलं? मावशींना मी हे विचारलं. त्या म्हणाल्या, "मले काय मालूम? मी तं दाराच्या बाहीर होती." आजी मोझरीला जायची तेव्हा दर वेळी तू घरातली सगळी माणसं आवाजातून काढायचीस का? कुणासाठी, एकटीसाठीच? आजीचा आवाज काढलास का कधी? बाबांचा? आणि माझा? माझा कसा होता? मी तिकडे जाऊन परक्या भाषेत बोलेन तेव्हा माझा आवाज कसा ऐकू येईल, हे मला अजून माहीत नाही. वर्गातल्या बाई म्हणायच्या, तुम्ही शब्द बरोबर म्हणता, पण आवाज दुसऱ्याचा वाटतो. मला तेव्हा वाईट वाटलं होतं. आता कुतूहल वाटतं, कुणाचा?

हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि तिकडे घेऊन जायलाही मी ते बॅगेत ठेवणार नाही. बॅगेचं वजन लेकीने आधीच भरून टाकलं आहे. एक तेवढं कबूल करते. घरी मी सांगितलं आहे की अकोल्याच्या कार्यालयात अजून एक शिक्का राहिला आहे. तिथे काहीही राहिलेलं नाही. उद्या सकाळच्या बसने मी पुन्हा मोठ्या उमरीला निघाले आहे, आणि मावशींनी भाजी कोणती करू म्हणून मघाशीच फोन केला होता.