माझ्या गुंगीत भावाने घेतलेली सही

लिहून ठेवणार मी, धंदा पाट्या रंगवण्याचा, गल्लीत 'पेंटर' म्हणून ओळख. आज माझे डोके ठिकाणावर आहे. हे वाक्य सगळेच लिहितात. मला ते सिद्ध करावे लागले. डॉक्टरांनी सकाळी कागदावर चांदणी काढायला लावली, ती नीट आली. त्यांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. हॉस्पिटलच्या खाटेवर धाकट्या भावाने माझ्याकडून जे मृत्युपत्र करून घेतले, ते मी रद्द करतो. त्या वेळी मी पत्नीला 'ताई' म्हणत होतो आणि चमच्याने भिंत रंगवत होतो. भाऊ म्हणाला, "दादा, दुकान माझ्या नावावर कर, मग तुला घरी नेतो." मी केले. शुद्धीवर आल्यावर कागद परत मागितला, तर चारचौघांत म्हणतो, "दारूने याचं डोकं गेलंय, याचं काय ऐकता?" म्हणजे द्यायला मी शहाणा, परत मागायला वेडा!

२. दारू मी प्यालो, कुणी पाजली नाही. यकृत गेले त्याचे रडगाणे नाही. पण शाळेच्या पाटीवर 'विद्यालय'चे 'विलयद्या' झाले, त्या दिवशी मी थेंबही घेतला नव्हता. मुख्याध्यापक नाकाला रुमाल लावून म्हणाले, "सकाळी सकाळीच चढवून आलात?" भाऊ खो खो हसला. हात फडफडत होते, दिवसा डुलक्या येत होत्या, घरचा रस्ता चुकत होता. "नाटकं करतो," एवढेच निदान सगळ्यांनी केले. एकट्या मुलीने जवळ येऊन वास घेतला आणि ती म्हणाली, "बाबा प्यायलेले नाहीत. हे काहीतरी दुसरंच आहे." तिनेच डॉक्टर गाठले. यकृत रक्तातली घाण काढेनासे झाले, की ती मेंदूला बाधते, हे आम्हाला तेव्हा कळले.

३. म्हणून दुकान, शिडी, रंग आणि कुंचले मुलीचे. तिला हा धंदा करायचा नाही. खुशाल विकावे. फक्त काकाला विकू नये, तो कितीही नाक घासत आला तरी.

४. घर पत्नीचे. ती घाण पोटावाटे काढणारे जुलाबाचे औषध पाजून पाजून तिने माझे डोके जागेवर आणले, चादरी धुतल्या, माझ्या शिव्या खाल्ल्या. तिला कुणी 'नवऱ्याला सांभाळता आलं नाही' म्हणाले, तर त्याला घराबाहेर काढण्याचा हक्कही तिचाच.

५. भावाला काहीही नाही. त्या दिवशी पेन माझ्या बोटांत ठरेना, तेव्हा त्याने माझा हात हातात धरून सही करवली. लहानपणी त्याला अक्षरे गिरवायला शिकवताना मी त्याचा हात असाच धरला होता.

६. डॉक्टर म्हणतात, दारू सोडली तरी गुंगी परत येऊ शकते. आली, आणि मी भावाच्या गळ्यात पडून "सगळं तुझंच रे" म्हणालो, तर ते शब्द माझे धरू नयेत. तेव्हा मी प्रेमाने बोलत असेन. आज मी रागावलेला आहे. हा रागच माझा खरा धरावा.

स्थळ: माझे दुकान
दिनांक: चार फेब्रुवारी
सही: पेंटर

आमच्यासमोर त्याने हे मोठ्याने वाचले आणि सही केली.
साक्षीदार: उपचार करणारे डॉक्टर
साक्षीदार: शेजारचा चावीवाला