भात तेवढा रचनाने लावला

५ जानेवारी, सोमवार

रचनाला प्रमोशन. उपकेंद्रात सिस्टर होती, आता आरोग्य सहायिका. पण पोस्टिंग अर्जुनी मोरगाव तालुक्यात. इथून, कुडव्याहून, रोज ये-जा शक्य नाही. तिकडे क्वार्टर मिळेल. सोमवारी सकाळी जायचं, शनिवारी संध्याकाळी यायचं. हो की नाही ते ३१ तारखेपर्यंत लिहून द्यायचं आहे.

मी जराही विचार न करता म्हणालो, जा. घराची काळजी करू नको, स्वयंपाक मी बघतो. रचना माझ्याकडे बघतच राहिली. मग भांडी घासायला गेली. भरून आलं असणार.

घरात माणसं तीन. मी, रचना आणि आई (वय ७६, गुडघे गेलेले, जीभ शाबूत). लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण चहाच्या पुढे मला संधीच मिळाली नाही. त्यामुळे माझ्यात काय आहे ते तिला कळायला मार्ग नव्हता. आता सव्वीस दिवस आहेत. करून दाखवायचं. माझा स्वयंपाक बघूनच ती ठरवणार. तसं बोलली नाही, पण बायका सगळंच बोलून दाखवत नाहीत.

६ जानेवारी

फूड प्रोसेसर आणला. अकरा जोड. चिरतो, किसतो, काप करतो, वाटतो, कणीक मळतो, मोसंबीचा रस काढतो. सोबत रंगीत पुस्तिका. ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या देवानंदला फोटो दाखवला. म्हणाला, "अपने यहाँ भी है भाऊ. लॉफ्ट पे." घरात प्लॅनिंग नसेल तर मशीन काय करेल?

आई खोक्याजवळ खुर्ची घेऊन बसली. एकेक भाग हातात घेऊन पाहिला. मग विचारलं, "अन् भात कोनत्यात होते?" मी समजावलं की भात हे मशीनचं काम नाही. आई म्हणाली, "मंग कायले आनला?"

आपल्याकडे दोन्ही वेळ भात लागतो हे मान्य. पण भात म्हणजे काय, गॅसवर ठेवला की होतो. खरी मेहनत आधीच्या तयारीत असते. आईला हे कळणं कठीण आहे.

८ जानेवारी, सकाळी ७.१५

मशीन चालू होत नाही. प्लग बदलला. मीटरपर्यंत जाऊन आलो. कस्टमर केअरला फोन लावला, चार दाबा म्हणाले, चार दाबलं, नऊ दाबा म्हणाले. तेवढ्यात रचना आंघोळ करून आली आणि तिने झाकण बोटभर फिरवलं. चालू झालं.

लूज कॉन्टॅक्ट असणार. नाश्ता बाहेर केला.

९ जानेवारी

कांदा. पुस्तिकेत लिहिलंय, बटण तीनदा दाबून सोडा. मी जरा धरून ठेवलं, कारण अर्धवट काम मला आवडत नाही. कांद्याचं ताक झालं. तो परतला तर कडू लागला. त्यात टमाटर टाकले, तेही तसेच. त्यात वांगी टाकली.

आईने वाटी उचलून पाहिली. "हे जेवाचं होय का प्याचं?"

ग्रेव्ही म्हणतात याला. हॉटेलात अडीचशे रुपये घेतात. एकूण पहिला स्वयंपाक पूर्ण माझा. भात तेवढा रचनाने लावला.

११ जानेवारी, रविवार

आईने काल लाखोरीच्या डाळीचे वडे मागितले. रात्री डाळ भिजवली (रचनाने), सकाळी मी वाटली. मशीन मध्येच बंद पडलं. खाली लाल बटण आहे, जास्त लोड झाला की बंद पडतं. तीनदा पडलं. शेवटी डाळ अशी मऊ निघाली की तोंडाला लावायची क्रीम वाटावी. वड्यांनी कढईतलं सगळं तेल पिऊन टाकलं.

आईने एक वडा दाबून तेल काढलं आणि पोळीला लावलं. "भरड पाह्यजे होती रे भूषण. डाळ दाताले लागाले पाह्यजे." दात तिला तीन आहेत.

१२ जानेवारी

आज घड्याळ लावून पाहिलं. भाजीची तयारी, एकूण चार मिनिटं. विळीवर रचनाला वीस लागतात. रोजची सोळा मिनिटं वाचली. कागदावर लिहून फ्रिजला चिकटवलं.

(नंतर भाग धुवायला एक्केचाळीस मिनिटं लागली. पण धुणं हे टेक्निकल काम नाही, ते रचना करते.)

१५ जानेवारी

किसणीची चकती लावली. काय स्पीड आहे. कोबी घातला, संपला. दुसरा घातला. थांबवलं तेव्हा चार कोबी झाले होते. किसताना हात थांबवणं अवघड जातं, हे पुस्तिकेत लिहायला हवं होतं.

१७ जानेवारी

कोबी, तिसरा दिवस. आईने ताट सरकवून म्हटलं, "ढोरंबी रोज एकच वैरन खात नाही." रचना हसली. मला वाटतं ती हळूहळू तयार होते आहे.

बरं, भात शिकायचा. उद्यापासून.

१८ जानेवारी

रविवारी नवीन काही सुरू करू नये. सोमवारपासून.

१९ जानेवारी

रचना उद्या-परवा अर्जुनीला दोन दिवसांच्या ट्रेनिंगला जाणार. म्हणजे हीच माझी परीक्षा. तिने विचारलं, भाताला पाणी किती सांगून जाऊ का? मी म्हणालो, इंटरनेट आहे.

२० जानेवारी, सकाळी १०

इंटरनेटवर एकास दोन लिहिलंय. आई म्हणते, "नवा तांदूर होय. बोटाच्या एका पेरावर पानी ठेव." कोणाचं बोट? माझं की तिचं? यात शास्त्र कुठे आहे? एकास दोन टाकलं.

त्याच दिवशी, ११.१०

चिकट झाला. चमचा उभा राहतो. तांदूळ कामठ्याच्या मामांच्या शेतातला, यंदाचा. त्यांनी ओला कापला असणार.

११.३०

वाया घालवायचा नाही. आपल्याकडे तांदळाच्या पिठाचे आयते, म्हणजे धिरडी, करतातच, मग भाताचे का नाही? भात प्रोसेसरमध्ये टाकला.

११.४५

पातं अडकलं आहे. डिंक झालाय. पोस्ट ऑफिसात लागेल असा.

आईने मुरमुरे खाल्ले. मी अर्धा दिवस रजा टाकली.

२१ जानेवारी

आज कमी पाणी टाकलं. कडकडीत झाला. देवानंदने घरून डबा आणून दिला, वर ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. रचनाचा फोन आला. म्हणालो, सगळं एकदम ओके, भात मोकळा झाला होता. आई बाजूलाच बसली होती. "फोन मले दे," म्हणाली. मी चार्जिंग संपल्याचं सांगून ठेवून दिला.

भातामुळे प्रोसेसरच्या परीक्षेचे मार्क कापणं योग्य नाही. भात सिलॅबसमध्ये नव्हता.

२२ जानेवारी

रचना आली. संध्याकाळभर बोलत होती. क्वार्टर पाहून आली. दोन खोल्या, मागे जांबाचं झाड. तिथली मंडळी चांगली आहेत. पंधरा गावं तिच्याकडे येतील. डॉक्टर म्हणाले, तुमच्यासारखं माणूस पाहिजेच होतं.

एवढं ती घरी कधी बोलत नाही. मी मध्ये दोनदा कोबीचा विषय काढला. तिने ऐकला नाही.

२४ जानेवारी

बसवत नाही. उभं राहवत नाही. ऑफिसात एकच पत्र तीनदा टाईप केलं.

खरं लिहायचं तर मला ती जायला नको आहे. सोमवार ते शनिवार म्हणजे सहा दिवस. महिन्याचे चोवीस. पण हे आता कसं म्हणणार? जा म्हणणारा मीच. हे पान फाडून टाकायचं.

२५ जानेवारी, सकाळी

मार्ग सापडला. रात्री का सुचला नाही कळत नाही. मला जमलं नाही तर ती आपोआप नाही म्हणेल. मी कुठेही वाईट ठरत नाही. मी तर जीव तोडून प्रयत्न केला होता. तेव्हा आजपासून स्वयंपाक मुद्दाम बिघडवायचा. आतापर्यंतचा अनुभव पाहता हे अवघड जाऊ नये.

२७ जानेवारी

सुरुवात लाखोरीच्या वड्यांनी. मागच्या वेळी डाळ फार बारीक झाली होती, म्हणजे माझं मशीनवर प्रभुत्व दिसलं होतं. यावेळी बटण दोनदाच दाबलं आणि सोडून दिलं. डाळ अर्धी अख्खीच राहिली. मिरची-लसूणही तसंच ओबडधोबड. मीठ टाकताना बघितलंसुद्धा नाही. तसेच थापून तळले.

आईने सहा खाल्ले. सहा. सातवा पदराखाली ठेवला. म्हणाली, "आता जमलं लेका. तुही आजी असेच करे." रचनाने चार खाल्ले आणि म्हणाली, "चला, आता मले काही टेन्शन नाही."

वर्षानुवर्षं कोणी माझं कौतुक केलेलं नाही, आणि केलं ते आज.

२८ जानेवारी

टमाटरची चटणी बिघडवली. शेजारी वाटीभर मागायला आले.

२९ जानेवारी

कणीक. पाणी जास्त टाकून पाहिलं, पण आईने खुर्चीवर बसल्या बसल्या पीठ टाकायला सांगितलं आणि सगळं बिघडलं, म्हणजे सुधारलं. पोळ्या मऊ झाल्या. या घरात माणसाला मनासारखं नापाससुद्धा होता येत नाही.

भात रचनाने लावला. तेवढा एक आधार आहे.

३१ जानेवारी, शनिवार, सकाळी ८

आज शेवटचा दिवस. आता लपवण्यात अर्थ नाही. चहाच्या वेळी रचनाला सगळं सांगायचं. भात दोन्ही दिवस बिघडला, डबा देवानंदच्या घरचा होता, मशीन धुवायला तूच लागतेस, मला एकट्याने जमणार नाही. तू नाही लिहून दे. मी वाईट वाटून घेणार नाही. हे शेवटचं वाक्य मोठ्या मनाने म्हणायचं.

९.३०

सांगितलं. सगळं. तिने कप खाली ठेवून ऐकून घेतलं. मग म्हणाली, होकार तिने पाच तारखेलाच दिला. ऑर्डर हातात आली तशी तिथेच, ऑफिसातच सही केली. घरी आली तेव्हा सांगणारच होती.

मी विचारलं, मग सांगितलं काऊन नाही?

"तुम्ही लगेच जा म्हणाले. मंग काय सांगाचं राहिलं? अन् दुसऱ्या दिवशी तुम्ही ते खोकं घेऊन आले. म्हटलं, शिकून राहिले तर शिकू द्या. तुमची वाट मी कायले अडवाची?"

म्हणजे सव्वीस दिवस कोणीही परीक्षा घेत नव्हतं. मी एकटाच पेपर लिहीत होतो.

भाताच्या डब्याचं तिला एकवीस तारखेलाच कळलं होतं. देवानंदच्या बायकोने फोन केला होता.

१ फेब्रुवारी, रविवार

रचनाची बॅग भरून झाली. शेजारी आईची पिशवी दिसली. विचारलं, ही कुठे निघाली?

आई म्हणाली, "मी बी जाऊन राहिली रचनासंगं. दोन खोल्या हायेत ना. इथं कायले राहू, कोबी खायले?"

मी म्हणालो, परवाचे वडे आवडले होते ना? आई म्हणाली, हो, शनिवारी येईन तेव्हा करून ठेव.

रचनाने जाण्याआधी भात लावायला शिकवते म्हटलं. मी म्हणालो, येतो मला. का म्हणालो माहीत नाही.

२ फेब्रुवारी, सोमवार, सकाळी ९

बसस्टँडपर्यंत मोटरसायकलच्या दोन फेऱ्या. आधी आई, मग रचना आणि सामान. बस सुटताना रचनाने खिडकीतून काहीतरी सांगितलं. हॉर्नमध्ये ऐकू आलं नाही, मी मान डोलावली.

घरी आलो. स्वतःसाठी काहीतरी करावं म्हणून प्रोसेसर जोडला. आता धुणारं कोणी नाही हे माहीत असून जोडला. एक कांदा टाकला. पात्याला लागेना, नुसता भांड्यात गोल फिरत राहिला.

पुस्तिका काढली. सगळ्यात लहान रेसिपी चार माणसांची आहे. पुढे सहा, मग पार्टीसाठी दहा. एका माणसाचं माप कुठे दिलेलं दिसत नाही. पुन्हा पहिल्या पानापासून पाहून राहिलो आहे.