ऊन दाखवलेली पूड

रामाकोना (ता. सौंसर)
६ नोव्हेंबर १९८६

चि. हेमंत यास अ. आ.

आई काल पांढुर्ण्याला परत गेली. माझी पोर मीना गेल्यापासून घरात आईचंच बोलणं होतं. आता तेही नाही. हे शाळेत जातात. संत्री तोडायला आली आहेत.

एक विचारायचं आहे. हे मास्तर म्हणून सरकारने मलेरियाच्या गोळ्या आमच्या घरी ठेवल्या आहेत. कडू गोळी पोरं थुंकतात. म्हणून काही गोळ्या कुटून मी पूड करून ठेवली होती. पावसाळ्यात ती सर्दावली. अश्विनात मी गाद्या, डाळी, वड्या, सगळ्याला ऊन दाखवते. पूडही ताटात पसरून अंगणात ठेवली, दसऱ्यापर्यंत रोज. पिवळी पडली. मला वाटलं, वाळली.

मीनाला ताप भरला तेव्हा मधातून तीच दिली. हे म्हणाले होते की सौंसरच्या दवाखान्यात नेऊ. मी म्हटलं की घरात औषध असताना कशाला.

पोळ्याला तू सांगत होतास की उन्हात असतात तसले अतिनील किरण दिव्यातून गोळ्यांवर सोडतोस आणि त्यांनी औषध मरतं. एवढं शिकून पोरगा नागपुरात गोळ्या भाजून राहिला, असं आई म्हणाली. सगळे हसलो. मीही हसले.

गुणवंता संत्री घेऊन नागपूरला येतो आहे. त्याच्याजवळ थोडी पूड दिली आहे. तपासून जे असेल ते लिही. बाकीची बाटलीत आहे. तुझं पत्र येईपर्यंत कुणाला देणार नाही. ह्यांना यातलं काही सांगितलेलं नाही.

ताईवर जीव आहे तेवढा राहू दे.

सरलाताई

*

नागपूर
१५ नोव्हेंबर १९८६

ती. सरलाताईस सा. न. वि. वि.

पूड मिळाली. संत्रीही. माझ्या वाट्याला दोनच आली, बाकी खोलीतल्या मित्रांनी संपवली.

पूड तपासली. औषध शाबूत आहे. रंग बदलला तो वरवरचा. माझा दिवा वेगळा, अंगणातलं ऊन वेगळं. मीनाचा ताप डोक्यात गेला होता. तसा ताप कधी कधी औषधाला ऐकत नाही. हे मनातून काढ. भाऊजींना सांगायचंही कारण नाही.

आई लिहिते की तू चहावर दिवस काढून राहिलीस. जेवत जा.

रागावलीस तरी चालेल, पण लिहीत राहा.

तुझा हेमंत

*

रामाकोना
२४ नोव्हेंबर १९८६

चि. हेमंत यास अ. आ.

तुझं पत्र आल्यापासून झोप लागते. परवा पोळी खाल्ली. आईला कळव, नाहीतर बसमध्ये बसून पुन्हा येईल.

शेजारच्या रामाजींच्या नातीला, अलकाला, काल ताप भरला. गोळ्या संपल्या आहेत, नव्या आल्या नाहीत. रामाजी म्हणाले की मास्तरीणबाई, बाटलीत तं दिसून राहिली. मी तुझं पत्र काढून पुन्हा वाचलं. मग मधातून दिली. आज ताप तसाच आहे. ते सौंसरला न्यायचं म्हणत होते. मी म्हटलं, थांबा, माझ्या भावाने तपासलेली आहे.

आजचीही देऊन आले. गुणवंता निघाला आहे, त्याच्याच हाती हे पत्र देते.

तुझ्यामुळे बरं वाटतं. असाच राहा.

सरलाताई

*

तार
नागपूर, २५ नोव्हेंबर १९८६
प्रभाकर मास्तर, रामाकोना

अलकाला ताबडतोब सौंसर दवाखान्यात न्या. पूड निकामी. ताईला खोटे लिहिले. येतो. हेमंत

*

रामाकोना
९ डिसेंबर १९८६

चि. हेमंत यास अ. आ.

अलका घरी आली. हिंडून राहिली. रामाजी जामसांवलीच्या मारुतीला नारळ फोडून आले, आम्हालाही प्रसाद दिला. मी घेतला.

तू आलास तेव्हा मी आतून बाहेर आले नाही. पाणीही ह्यांनीच दिलं. ह्यांनी तार वाचून माझ्या हातात दिली होती. बाटली त्यांनी पुरली. कुठे, ते मी विचारलं नाही.

तू खोटं का लिहिलंस ते मला कळतं. पुन्हा खोटं लिहू नकोस.

थंडी पडली आहे. पेटीतून मीनाची गोधडी काढली. दमट लागली. अंगणापर्यंत नेली आणि तशीच उभी राहिले. मग परत आणून ठेवली.

राग धरलेला नाही. तूही धरू नकोस.

सरलाताई