एकच्या आत तुंगार्लीला ये

यशू,

लॅपटॉप उघडा ठेवूनच तुला झोप लागली, म्हणून उठवलं नाही. फॉर्मच्या पानावर जे इंग्रजी आलं होतं, ते मी वहीत बघून बघून उतरवलं आणि नेनेबाईंना फोनवर एकेक अक्षर वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "भागुबाई, लॅपटॉप बिघडलेला नाही. यशूनं विंडोज काढून जी नवी सिस्टीम टाकली, तिच्यावरचा कुठलाच ब्राउझर कॉलेजची साइट चालवून घेत नाही, तिला जुनं विंडोजच लागतं. माझ्या कॉम्प्युटरवर ते आहे, नातीला माझ्याकडे पाठवा."

वीस वर्षं त्यांची बाग बघते, कधी काही मागितलं नव्हतं. आज मागितलं. नर्सिंगच्या फॉर्मची मुदत आज संध्याकाळी पाचपर्यंतच आहे. मी त्यांच्या तुंगार्लीच्या घरी पुढे जाते. सिस्टीम बदलण्याआधी तू कागदपत्रं ज्यात काढून ठेवलीस, तो पेन ड्राइव्ह चहाच्या डब्यावर आहे.

चांगली वस्तू मोडलीस म्हणून काल तुझा बाप ओरडला होता. त्याला सकाळी सगळं सांगितलं. "आये, मग काल मला अडवलं का न्हाईस?" एवढंच म्हणाला, आणि तुझ्यासाठी स्कूटरची चावी ठेवून स्टेशनला चालत गेला. ती पेन ड्राइव्हजवळच आहे.

तोंड धुऊन, भाकरी खाऊन निघ. आणि घाबरून ते जुनं परत टाकू नकोस. तू बदल केल्यापासून लॅपटॉप लगेच सुरू होतो, माझ्या इंग्रजीच्या धड्यांची अक्षरंही मोठी दिसतात.

आजी