पहिल्या सीडीतली मुलगी

हामतिक,
३ मार्च

लाडक्या एल्मिराला आईचे पुष्कळ आशीर्वाद.

तू बाकोलोदहून पाठवलेला खोका मिळाला. आमचं इकडे ठीक आहे. हात जरा दुखावलाय म्हणून अक्षर वाकडंतिकडं आलंय, काळजी करू नकोस.

सहाच्या सहा सीडी ऐकल्या. एवढी गाणी कुठून गं जमवलीस? ऊसतोडीला निघालेल्या लोकांच्या बसमध्ये कुणीतरी टेप केलेलं ते गाणंसुद्धा आहे. मागे कोंबडा ओरडतोय, कुणाचं तरी पोर खोकतंय, आणि तुझे बाबा एक तार उतरलेली गिटार घेऊन गातायत. ते गाणं गेलं ते गेलंच असं मी धरून चालले होते. तिसऱ्या सीडीत, तुरुंगातून सुटल्यानंतर, त्यांचा आवाज किती खाली उतरलाय. तेव्हा रोजच ऐकत होते, म्हणून मला कळलं नाही. चौथी नाही आवडली. मनिलाच्या त्या लोकांनी मागे ढोल बडवून गाणी बुडवलीत. शेवटच्या सीडीत ते मध्येच खोकतात, ते तू कापलं नाहीस हे बरं केलंस.

तू चिठ्ठीत लिहिलंस, बाबा ऐकून काय म्हणाले ते सगळं कळव, वाईट बोलले असले तरी. जन्मभर मळेवाल्यांविरुद्ध गाणाऱ्या माणसाची मुलगी मळेवाल्याच्याच घरात गेली, म्हणून ते तुझ्या लग्नाला आले नाहीत. त्यानंतर तुम्ही दोघं एक शब्द बोलला नाहीत. आणि तरी तू त्यांची गाणी गोळा करत गावोगाव फिरलीस. तेव्हा तुला उत्तर द्यायलाच हवं.

ते म्हणाले, "हा माणूस चांगला गातो."

मला वाटलं चेष्टा करतायत. मग म्हणाले, "यानं ऊस तोडलाय. तोडल्याशिवाय असं गाता येत नाही. फक्त चौथ्या सीडीत ढोंग करतो."

फोनवर मी तुला सांगायचे, बाबा हल्ली जरा विसरतात. जरा नाही, एल्मिरा. नाताळापासून त्यांना माझं नाव आठवत नाही, स्वतःचंही नाही. मला मावशी म्हणतात. स्वयंपाकाला ठेवलेली कुणी बाई समजतात. अहोजाहो करतात, भातावर सुकी मासळी वाढली की आभार मानतात.

तेही मी गिळलं असतं. पण पहिल्या सीडीत मागून दुसरा आवाज येतो ना, एका मुलीचा, शब्दावर जरा उशिरा येणारा, तो ऐकून ते ताठ बसले.

"ही पोरगी कोण?"

"मीच," मी म्हटलं.

ते हसले. "मावशी, तुम्ही पण ना."

दुसऱ्या दिवशी केसांना तेल लावून, पांढरा शर्ट घालून निघाले. म्हणे, "तिला शोधायला. गाण्यात सांगते ना, पलीकडच्या बेटावर, नेग्रोसला ऊस तोडायला चालले म्हणून. बोट सुटायच्या आधी गाठतो." शेजारचा रामिल तीनचाकी चालवतो, त्यानं "काका, आज बोटी बंद आहेत" असं सांगून त्यांना बसथांब्यावरून परत आणलं. मग हे रोजचंच झालं. गेल्या आठवड्यात हमरस्त्याच्या मधोमध चालत होते, बसवाल्यानं कसाबसा ब्रेक मारला. तेव्हा मी फाटकाला कुलूप घातलं, आणि त्यांनी मला ढकललं. हात त्यानं दुखावला. मारलं नाही गं. कुणा परक्या बाईनं वाट अडवली म्हणून ढकललं.

सीडी लपवल्या तर जेवण सोडलं. परत लावल्या तर फाटक धरून रडतात. काय करू, तूच सांग.

एकदा त्यांच्याजवळ बसून मी सीडीबरोबर तोच दुसरा आवाज लावला. तुझ्या जन्मानंतर मी गायलेच नव्हते. गळ्यातून पातेलं खरवडल्यासारखं काहीतरी निघालं. त्यांनी अगदी हळू माझ्या तोंडावर हात ठेवला. "मावशी, जरा तिला गाऊ द्या."

तुझा आवाज माझा आहे, माझा तेव्हाचा. तू ये. मुलगी म्हणून नको येऊस, मुलगी त्यांना आठवत नाही. नुसती ये, बस, गा. ते तुलाच ती समजले तर समजू देत. निदान रस्त्यावर जाणार नाहीत. मी स्वयंपाकघरात उभी राहीन. मला वाईट वाटणार नाही असं लिहिणार होते, पण वाटेल. तरी ये. माझ्यानं आता होत नाही.

तुझी,
आई


हामतिक,
२१ एप्रिल

प्रिय एल्मिरा,

सुखरूप पोचल्याचा निरोप मिळाला. बाबा शांत असतात का, असं विचारलंस. असतात. फाटकाचं कुलूप काढून टाकलं. रामिल विचारत होता, "काकू, काका आजारी आहेत का? थांब्यावर दिसत नाहीत."

तू होतीस तेवढे दिवस ते तुझ्यासमोर कसे बसायचे, ते तू पाहिलंसच. आंबा कापून चांगल्या फोडी तुझ्याकडे सरकवायचे आणि कोय स्वतः चोखायचे. निघायच्या दिवशी त्यांनी विचारलं, "कुठे राहता? घरी कोण असतं?" तू खरं ते सांगितलंस. नेग्रोसला, बाकोलोदमध्ये राहते, नवरा आहे, चांगला आहे, वाट बघतोय. मी दारातून खुणा करत होते, तुझं लक्ष नव्हतं. तुला बोल लावत नाही. खरं बोलण्यात कसली चूक.

तू गेल्यावर ते मला म्हणाले, "मावशी, तिचं लग्न झालंय."

"हो का," मी म्हटलं.

"चांगल्या घरात पडली. मला उगाच घोर लागला होता. बरं झालं."

हे बोलणं तुझ्या वाट्याचं आहे, एल्मिरा. इतकी वर्षं तू ते ऐकायला थांबली होतीस. ठेवून घे.

माझ्या वाट्याला एवढंच आलं, की त्या दिवसापासून त्यांनी पहिली सीडी मागितली नाही. तिसरी ऐकतात, सहावी ऐकतात, त्या माणसाची वाहवा करतात. केस विंचरत नाहीत. शर्ट खुंटीला तसाच आहे. ते बसखाली येतील म्हणून मी जीव मुठीत धरून असायचे, आता ती भीती गेली. मग मला चैन पडायला हवं होतं ना? पण तेव्हा माझा नवरा रोज सकाळी नटूनथटून मलाच शोधायला निघत होता गं. आता ते मला शोधत नाहीत.

काल जेवून ते ओट्यावर बसले होते. मी पहिली सीडी लावली, आवाज मोठा केला आणि जाऊन फाटक सताड उघडलं. त्यांनी ऐकलं. "छान गायची," म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

तू पुन्हा ये. सुट्टी मिळत नसली तरी ये. आणि या वेळी लग्नाचं काही बोलू नकोस.

वाट बघणारी,
आई